तीन वेळा धुतलेले हुलगे

मी हुलग्याचे स्फटिक करते असं सांगितलं की सोलापुरात दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, ते खायचे कसे, आणि दुसरा, त्याने मुतखडा पडतो का. मुतखड्यावर हुलग्याचं पाणी प्यावं असं इथे घरोघरी सांगतात. त्यामुळे मी पुढचं काही बोलायच्या आत समोरचा माणूस आपल्या मेहुण्याच्या सोनोग्राफीची हकिगत सुरू करतो. मी ऐकून घेते. वीस वर्षं वर्गात शिकवल्यावर माणसाला ऐकून घ्यायची सवय होते, म्हणजे निदान तसा चेहरा करता येतो.

मी इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. उरलेल्या वेळात बियांमधली प्रथिनं वेगळी काढून त्यांचे स्फटिक करायचे, हा माझा उद्योग. बी म्हणजे झाडाने पोराला बांधून दिलेला डबा. त्यात खायचं सामान असतं आणि डबा दुसऱ्या कोणी पळवू नये म्हणून थोडी संरक्षणाची व्यवस्थाही असते. हुलग्याच्या डब्यात एक प्रथिन असं आहे की ते रक्तात मिसळलं तर लाल पेशींच्या गुठळ्या होतात. त्यातही गंमत म्हणजे मुख्यतः ए गटाच्याच. बी आणि ओ गटवाल्यांकडे ते बघतही नाही. शिजवल्यावर ते निकामी होतं, तेव्हा हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे खाणाऱ्यांनी हा लेख इथेच मिटू नये.

हे प्रथिन दिसतं कसं, त्याचा कुठला कोपरा ए गटाच्या पेशीला पकडतो, हे बघायचं तर सूक्ष्मदर्शक कामाचा नाही. रेणू फार लहान. त्यावर उपाय असा की लाखो करोडो रेणू एकाच पद्धतीने रांगेत उभे करायचे, म्हणजे स्फटिक करायचा, आणि त्यावर क्ष-किरण सोडायचे. किरण विखुरतात आणि पलीकडे ठिपक्यांची नक्षी उमटते. त्या ठिपक्यांवरून गणित करून आत कुठला अणू कुठे बसलाय ते काढायचं. आमच्या शेजारचे अंबादासअण्णा चादरीच्या कारखान्यात जेकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी ठरवणारे भोकांचे, पुठ्ठे पाडायचे. पुठ्ठ्यावरची नुसती भोकं बघून ते सांगायचे, हा मोर आहे, याची मान उजवीकडे आहे. मी माझं काम त्यांना एकदा समजावलं तर म्हणाले, "मग सोपं आहे की." त्यांच्यासाठी सोपंच होतं. त्यांच्याकडे पुठ्ठा होता. माझी अडचण पुठ्ठा मिळण्याचीच होती.

स्फटिकाची कृती ऐकायला साधी आहे. हुलगे रात्रभर भिजवायचे, मिक्सरवर वाटायचे, गाळायचे. इथपर्यंत माडग्याची, म्हणजे हुलग्याच्या पेजेची, तयारी आणि पीएच.डी. यांत काही फरक नाही. पुढे ते पाणी थंड ठेवून, त्यात वेगवेगळे क्षार घालून, नको ती प्रथिनं एकेक करून बाहेर काढायची. आठ-दहा दिवसांनी पाव चमचा शुद्ध प्रथिन हाती लागतं. त्याचा मोहरीएवढा थेंब काचेच्या चकतीवर ठेवायचा, त्यात तेवढंच क्षाराचं पाणी मिसळायचं आणि चकती उलटी करून खारट पाण्याच्या छोट्या वाटीवर ग्रीस लावून चिकटवायची. थेंब लोंबकळत राहतो. त्यातलं पाणी हळूहळू वाटीत जातं, थेंब आटतो, आतल्या रेणूंना जागा कमी पडायला लागते. बहुतेक वेळा मग एसटीच्या दारात होतं तसं होतं आणि थेंबात नुसता साका बसतो. क्वचित कधीतरी रेणू प्रार्थनेच्या तासाला पोरं उभी राहावीत तसे रांगा धरतात. तो स्फटिक.

तो खरा आहे की मिठाचा, हेही बघावं लागतं. मिठाचा असेल तर सुई टोचल्यावर कट् करून वाजतो. प्रथिनाचा असेल तर बर्फीसारखा भुगा होतो. म्हणजे तो खरा होता हे कळतं तेव्हा तो शिल्लक नसतो. या धंद्यात बरंचसं असंच आहे.

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. मार्गदर्शक आमच्याच विभागाचे सर. सर म्हणजे स्वच्छता. त्यांच्या एप्रनवर अठरा वर्षांत कोणी डाग पाहिला नव्हता, आणि त्याच अठरा वर्षांत त्यांच्या थेंबांत कोणी स्फटिकही पाहिला नव्हता. तूर झाली, पावटा झाला, चवळी झाली. डाग नसणं आणि स्फटिक नसणं, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल असं तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही. सरांनी सगळ्या बियांसाठी एकच कृती टाइप करून फ्रिजच्या दारावर चिकटवली होती. पहिली ओळ: बिया तीन वेळा ऊर्ध्वपातित पाण्याने धुणे. दुसरी ओळ: वाटताना ईडीटीए घालणे. हे रसायन द्रावणातले धातू, त्यातही कॅल्शियम, घट्ट पकडून ठेवतं. बियांमध्ये प्रथिनं कुरतडणारे काही पदार्थ असतात, त्यातल्या काहींना धातू लागतो. तो काढून घेतला की ते गप्प बसतात. हेतू चांगला होता. हेतू सरांचे नेहमीच चांगले असायचे.

हुलगे आणायचं काम आमच्या प्रयोगशाळेतले शिपाई सिद्राममामा यांचं. बाजारात तीन गावचे हुलगे एका पोत्यात असतात, ते आम्हाला चालत नाहीत. एकाच रानातलं, एकाच जातीचं बी लागतं. मामांची बहीण कलावतीबाई मोडनिंबजवळ शेती करते. तिच्याकडचा काळपट हुलगा तिच्या सासऱ्यांच्या वेळेपासून तोच चालत आलेला. पहिल्या खेपेला मामांनी तिथून पाच किलोची पिशवी आणली. मी ती उघडली आणि माझ्या पांढऱ्या टेबलावर राखेचा ढग उठला. सगळे हुलगे राखेत घोळलेले.

मी चिडले. चिडले की मी मोठ्याने बोलत नाही, फक्त वाक्यं आखूड होतात. मामांना म्हटलं, "बहिणीला सांगा. हे संशोधन आहे. राख चालणार नाही. एक कण नको."

मामा म्हणाले, "सांगतो की, मॅडम." आणि त्यांनी सांगितलं. मामा सांगितलेलं काम कधी विसरत नसत, हाच पुढे घोटाळा झाला.

ते दिवस मे महिन्याचे. नळाला पाणी पाचव्या दिवशी यायचं, त्या खेपेला सातव्या दिवशीही आलं नव्हतं. ऊर्ध्वपातित पाण्याचं यंत्र थंड ठेवायला नळाचं पाणी लागतं, ते नसल्यामुळे यंत्र बंद. शिल्लक होता एक कॅन. त्यात हुलगे तीन वेळा धुतले असते तर वाटायला पाणी उरलं नसतं. मी हुलगे चाळणीत हलवले, एकदा पाण्यातून काढले आणि भिजत घातले. पाणी चहासारखं झालं. मी ते ओतून टाकायला हवं होतं. पाणी नव्हतं, म्हणून नाही ओतलं. त्याच पाण्यात वाटले.

आणि वहीत लिहिलं: बिया तीन वेळा धुतल्या.

हे लिहिताना मला काही वाटलं नाही. शुक्रवार होता आणि सर शनिवारी वही बघत. मनात हिशेब असा, की हे सगळं सरावापुरतं आहे, नाहीतरी काही येणार नाही. घरी आपण डाळ एकदा धुतली तरी विचारणाऱ्याला धुतली असंच सांगतो, कितीदा ते सांगत नाही.

अकराव्या दिवशी थेंब क्रमांक चौदामध्ये स्फटिक होते. आठ. लहान, फुगीर, कडा स्वच्छ, जणू कोणी खडीसाखर पैलू पाडून ठेवली होती. मी मामांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, लई नीटनेटकं दिसायलंय की." सरांना फोन केला. ते भर दुपारी छत्री घेऊन चालत आले. बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "कृती तंतोतंत पाळल्याचं फळ." मी हो म्हटलं.

क्ष-किरणांचं यंत्र पुण्याच्या एका संस्थेत. मी थर्माकोलच्या डब्यात थेंबांचं ताट ठेवून, डबा मांडीवर घेऊन सकाळच्या गाडीने निघाले. स्फटिकाला हादरा चालत नाही, ऊन चालत नाही, गार वाराही फार चालत नाही. आमच्या घरात या तऱ्हेचे दोन जावई आहेत, त्यामुळे मला सवय होती. जेऊरला चढलेल्या एका आजोबांनी डब्यात काय आहे विचारलं. हुलगे म्हटल्यावर ते म्हणाले, "येवढं जपून?" आणि करमाळ्याच्या एका माणसाच्या मुतखड्याची हकिगत सुरू केली.

पुण्यात आठांपैकी पाच वाटेतच तडकलेले निघाले. दोन यंत्रावर चढवताना गेले. आठव्याने ठिपके दिले. सुंदर, ओळीने, दूरपर्यंत गेलेले ठिपके. पण निम्मं मोजून व्हायच्या आत तोही क्ष-किरणांनी भाजून निघाला. अर्ध्या पुठ्ठ्यावरून मोर ओळखता येत नाही. यंत्रावरच्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "स्फटिक उत्तम आहेत. असेच आणखी आठ-दहा आणा, काम होऊन जाईल. आता तुम्हाला कृती सापडलीच आहे."

परत आले. एव्हाना नळाला पाणी आलं होतं. त्याच पिशवीतले उरलेले हुलगे घेतले, तीन वेळा धुतले, वहीत लिहिलेली कृती ओळीने पाळली. काही नाही. पुन्हा केली. साका. पुन्हा. थेंब आरशासारखे स्वच्छ. पुढच्या हंगामात मोडनिंबहून नवे हुलगे आले, मोत्यासारखे लख्ख, राखेचा कण नाही. मी मामांना म्हटलं, हे बघा, सांगितलं की होतं सगळं. त्यातूनही काही नाही.

दोन वर्षं अशी गेली. क्षार बदलले, तापमान बदललं, थेंब लहान केले, मोठे केले. दर सोमवारी सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो थेंब बघायचे आणि वहीत लिहायचं: स्वच्छ, स्वच्छ, साका, स्वच्छ, माशी. मधल्या काळात सर निवृत्त झाले, पण मार्गदर्शक म्हणून राहिले. विद्यापीठाची मुदत संपली, एक वाढ मिळाली, तीही संपत आली. शेवटची एक वाढ शिल्लक होती, एका वर्षाची. तेवढ्यात पुण्याला नेण्याजोगे स्फटिक झाले नाहीत तर नोंदणी रद्द. मग माझ्याकडे अर्धा पुठ्ठा आणि न झालेल्या गोष्टींच्या अकरा वह्या. स्टाफरूममध्ये लोक विचारायचे, "कुठपर्यंत आलं?" मी म्हणायची, "चाललंय." ते उत्तर देऊन देऊन माझाच त्यावर विश्वास बसायला लागला होता.

आता गवंडीसाहेबांबद्दल सांगायला हवं. आमच्या ऑफिसचे अधीक्षक. दुसऱ्या मुदतवाढीचा अर्ज त्यांच्या टेबलावरून पुढे जायचा होता आणि त्यांच्या टेबलावरून सहसा काही पुढे जात नसे. पण त्यांचं रक्त ए गटाचं होतं. प्रथिन नीट निघालंय की नाही हे तपासायला दर खेपेला मला ए गटाचे चार थेंब लागायचे. विभागात आम्ही सगळे बी आणि ओ. पहिल्यांदा सुई घेऊन गेले तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, माझं रक्त म्हणजे काय कॉलेजची स्टेशनरी आहे का?" पण बोट पुढे केलं. नंतर त्यांना त्यात रस वाटायला लागला. गुठळ्या बघायला ते स्वतः वर यायचे आणि बी गटाच्या लोकांबद्दल थोडं कमीपणाने बोलायचे.

पहिल्या खेपेला, म्हणजे स्फटिक झाले तेव्हा, त्यांच्या गुठळ्या दोन मिनिटांत आल्या होत्या, दह्यासारख्या. नंतरच्या प्रत्येक खेपेला त्या उशिरा आणि विरळ. इथे माझ्या जागी शहाणी बाई असती तर तिने विचार केला असता, की प्रथिनाचं काहीतरी बिघडलंय. मी दोष गवंडीसाहेबांच्या रक्ताला दिला. त्यांना नुकत्याच बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. मी त्यांना गोळीचं नाव विचारलं. ते इतके घाबरले की डॉक्टरांकडे जाऊन तपासण्या करून आले. सगळ्या व्यवस्थित. रिपोर्ट माझ्यासमोर धरून म्हणाले, "दोष तुमच्या हुलग्यात आहे, मॅडम. माझ्यात नाही." ही गोष्ट त्यांनी स्टाफरूममध्येही सांगितली. शास्त्रीयदृष्ट्या आमच्या कॉलेजात त्या दोन वर्षांत निघालेला तो एकमेव अचूक निष्कर्ष. मी हसण्यावारी नेला. अर्ज मात्र त्यांनी त्याच दिवशी पुढे पाठवला.

त्या शेवटच्या वर्षी मामांचा गुडघा धरला आणि हुलगे आणायला मला स्वतःला जावं लागलं.

कलावतीबाई माझ्याच वयाच्या. उंच, आवाज मोठा, हाताला माती. पत्र्याचं घर, गॅस आहे, पण अंघोळीचं पाणी अंगणातल्या चुलीवर. मी बसल्याबरोबर चहा आला, आणि चहा संपायच्या आत दोन भांडी समोर आली. एक निळा प्लास्टिकचा बॅरल, त्यात राखेत बुडालेले हुलगे. दुसरा चकचकीत स्टीलचा डबा.

"ह्ये आमचं खायाचं," बॅरलकडे हात करून त्या म्हणाल्या. "आन् ह्ये तुमचं."

मी विचारलं, खायचे राखेत का ठेवता.

"किडं लागत न्हाईत. तुमच्या डब्यात लागत्यात. मी निवडती दर आठ दिवसाला."

"मग माझेही राखेतच ठेवायचे," मी म्हटलं. आपणच काय सांगितलं होतं ते एव्हाना मी खरोखरच विसरले होते.

कलावतीबाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वर्गात आपण कालचंच पुन्हा विचारलं की एखादी मुलगी गोंधळून आपल्याकडे बघते, तसं.

"तुमीच सांगावा धाडला व्हता की, बाई. राखंचा कण चालायचा न्हाय. दोन वरसं मी दाना दाना वल्या फडक्यानं पुसती. सुनंला हात लावू देत न्हाय, तिला घाई असती. सिद्रामदादा म्हनला, लई मोटं काम हाय, तिकडं येक कण गेला तर समदं फुकट."

मी चहाची बशी खाली ठेवली. दोन वर्षं एक बाई मोडनिंबला बसून माझ्यासाठी हुलगे पुसत होती, आणि दुसरी सोलापुरात बसून तेच हुलगे आणखी तीन वेळा धूत होती. दोघी अगदी मन लावून.

कसली राख, मी विचारलं. त्या म्हणाल्या, चुलीत जे आसंल त्याची, बाभळ, तुरकाट्या, येखादी गवरी. लाकडाच्या राखेत कॅल्शियम भरपूर असतं, हे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. फळ्यावर लिहून.

परतीच्या एसटीत मला त्या मे महिन्यातलं चहाच्या रंगाचं पाणी आठवलं. घरी न जाता थेट कॉलेजात गेले आणि पहिली वही काढली. माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: बिया तीन वेळा धुतल्या. दोन वर्षं मी ते वाक्य शंभरदा वाचलं होतं आणि दरवेळी त्यावर विश्वास ठेवला होता. खोटं मी सरांसाठी लिहिलं होतं. फसले मात्र मीच.

बाकीचं मग पाच मिनिटांत जुळलं. आमच्या प्रथिनाला आपल्या आकारात ताठ राहायला कॅल्शियम लागतं. ते नसेल तर त्याची घडी सैल पडते, गुठळ्या विरळ होतात आणि रांगेत उभं राहायचं तर लांबच. सरांच्या कृतीतलं ईडीटीए नेमकं तेच कॅल्शियम ओढून घेत होतं. त्या एका खेपेला राख इतकी होती की ईडीटीएचं पोट भरलं, आणि तरीही कॅल्शियम प्रथिनाला पुरून उरलं. मला जे मिळालं ते कृती पाळल्याचं फळ नव्हतं. पाणी न आल्याचं होतं.

जुळलं म्हणजे खरं ठरलं असं नाही. सहा महिने उरले होते. मी स्टीलच्या डब्यातले हुलगे तीन भागांत वाटले. एक सरांच्या कृतीने, जसाच्या तसा. दुसऱ्यात ईडीटीए नाही आणि बाटलीतलं कॅल्शियम क्लोराइड मोजून. तिसऱ्यात ईडीटीए तसंच, वर कलावतीबाईंच्या चुलीतली राख, पुडीत बांधून आणलेली. गवंडीसाहेबांना वर बोलावलं. पहिल्यात विरळ. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात दोन मिनिटांत दही. त्यांनी तिन्ही काचा उजेडात धरल्या, खिशातून जुना तपासणीचा रिपोर्ट काढला आणि टेबलावर ठेवून निघून गेले. तो कागद ते इतके दिवस खिशात घेऊन का फिरत होते, हे मी विचारलं नाही.

नवव्या दिवशी कॅल्शियमच्या थेंबांत स्फटिक आले. राखेच्या थेंबात दहाव्या दिवशी. खरं सांगायचं तर राखेतले थोडे मोठे होते. पुण्याला मी दोन्ही नेले, या वेळी वीस. चार टिकले. चौथ्यावर पुठ्ठा पुरा झाला. प्रबंध मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात दाखल झाला.

त्याआधी सरांना सांगायचं होतं. ते मी महिनाभर टाळलं. मग एका रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं, राखेपासून वहीपर्यंत. वहीतल्या खोट्याचं आधी सांगितलं, म्हणजे त्यांना रागवायला काहीतरी मिळावं. ते रागावले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. तूर, पावटा, चवळी. या सगळ्यांना त्यांनी अठरा वर्षं ईडीटीए घातलं होतं. त्यातल्या किती प्रथिनांना कॅल्शियम लागतं हे मला माहीत होतं आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त.

चष्मा पुन्हा लावून म्हणाले, "बिया मात्र स्वच्छ होत्या."

मी म्हटलं, "हो सर. बिया स्वच्छ होत्या." दुसरं काय म्हणणार? चहा घेतला आणि निघाले. ती टाइप केलेली कृती अजून फ्रिजच्या दारावर आहे. दुसरी ओळ मी खोडलेली नाही, फक्त तिच्यावर एक चुंबक सरकवलाय.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी प्रबंधातल्या एकाच शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली होती: राख. विचारलं, कॅल्शियम घालायचं कसं सुचलं? मी खरं सांगितलं. ते मनापासून हसले आणि म्हणाले, शोधनिबंधात मात्र हे नका लिहू. मग निबंधात फक्त कॅल्शियम क्लोराइड राहिलं, किती ते दशांश चिन्हासकट. आभारांत सरांचं नाव आहे, यंत्रावरच्या बाईंचं आहे, गवंडीसाहेबांचं त्यांनी स्वतः वाचून तपासलेलं आहे. कलावतीबाईंचंही आहे, 'बियाणे पुरवल्याबद्दल'. पुसल्याबद्दल लिहायला तिथे जागा नसते.

काम अजून चालू आहे, आता पावट्यावर. पण हुलगे लागतातच, तुलनेसाठी. मामांनी बहिणीला सांगितलं, की मॅडमचं काम तुझ्या राखेनं झालं. तेव्हापासून दर हंगामात मोडनिंबहून दोन पिशव्या येतात. नातवाच्या अक्षरात चिठ्ठ्या लावलेल्या. राखेतल्या पिशवीवर 'कालेजला', पुसलेल्या पिशवीवर 'बाईंना खायाला'. हौसेने ती दुसरीही अजून दाणा दाणा पुसून येते.

खरं म्हणजे आता प्रयोगशाळेत राख नको. कॅल्शियम बाटलीत आहे, मोजून घालता येतं, आणि त्यासाठी बी स्वच्छच लागतं. म्हणून खायला आलेले मी कॉलेजात नेते, आणि कॉलेजला आलेले घरी धुऊन त्यांचं माडगं करते. राखेतल्यांना कीड लागत नाही, वर्षभर टिकतात. तीन वेळा धुवावे लागतात, तेवढंच.

कलावतीबाईंना हे कळवलेलं नाही. त्यांना सांगावा धाडायचा म्हटलं की मी अलीकडे दोनदा विचार करते आणि मग राहू देते. मोडनिंबकडे हा अंक कोणी नेत असेल तर ही शेवटची दोन पानं काढून घ्यावीत.